ऐंशीनंतरची थरथर

आमच्या देवळाली प्रवऱ्याहून निघालं की संगमनेर येईपर्यंत ताशी ऐंशीचा वेग ही एक अफवा असते. खड्डे, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, साइडपट्टीवर वाळत घातलेला मका, आणि या सगळ्यांतून वाट काढणारे मोटारसायकलवाले. काटा साठच्या पुढे सरकला की आपलाच पाय आपण होऊन ब्रेकवर जातो. संगमनेर ओलांडून पुण्याच्या बाजूने हायवेला लागलं की मात्र रस्ता एकदम मोठ्या मनाचा होतो. माझ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायचं ते तिथे, ऐंशी ओलांडल्यावर. आणि घरातल्या, गल्लीतल्या नि गॅरेजमधल्या सगळ्या शहाण्यांनी ती गाडी तपासली अलीकडच्या रस्त्यावर. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. संस्थेने माझी बदली हायवेवरच्या एका गावात केली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. दोन एसट्या आणि शेवटी एक काळीपिवळी जीप असा प्रवास आठवडाभर केला आणि आठव्या दिवशी घरी येऊन जाहीर केलं, की मी गाडी शिकणार. गाडी दारात होतीच. माझ्या नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे; तो सगळीकडे मोटारसायकलने फिरतो, आणि कार फक्त लग्नकार्यासाठी बाहेर निघायची. बाकी वर्षभर ती कव्हर पांघरून बसलेली असे. महिनाभरात मी शिकले. दुसऱ्या महिन्यात अप-डाऊन करायला लागले.

हे मी सहज लिहितेय, पण सहज नव्हतं. पंचवीस वर्षांत मी कुठेही गेले तर कुणी तरी मला सोडायला यायचं नाही तर न्यायला यायचं, आणि दोन्ही वेळा मी कुणाच्या तरी सोयीने तयार होऊन उंबऱ्यात उभी असायचे. आता मी माझ्या वेळेला निघत होते. वाटेत वाटलं तर चहाला थांबत होते, नाही वाटलं तर नाही. त्या दीड तासात मला कुणी हाक मारत नसे. मला ते फार आवडायला लागलं होतं, इतकं की रविवारी जरा चुकल्यासारखं वाटे.

दसरा झाला आणि त्यानंतरच्या पहिल्याच दिवशी, हायवेला लागल्यावर, स्टिअरिंग थरथरलं. फार मोठं काही नव्हतं. पिठाची गिरणी चालू असताना तिच्या भिंतीला हात लावला तर जसं वाटतं तसं, बोटांपासून कोपरापर्यंत. आधी वाटलं रस्ता खराब असेल. दुसऱ्या दिवशीही तेच, येताना पलीकडच्या बाजूनेही तेच. घरी सांगितलं. नवऱ्याने संध्याकाळी गाडी काढली, राहुरी फॅक्टरीपर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, गाडी लोण्यासारखी चालतेय. मी विचारलं, किती वेगाने गेलास. तो म्हणाला, या रस्त्याने माणूस जेवढ्या वेगाने जातो तेवढ्याने.

मग गॅरेज. तिथल्या मिस्त्रीने चाकांचं अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते बघितलं, खालून दोन-चार ठिकाणी हातोडी वाजवली, गल्लीत गाडी फिरवली. तो वाईट माणूस नव्हता. पण निदान त्याने गाडीचं केलं नाही, माझं केलं. नवऱ्याकडे बघून म्हणाला, की मॅडम नवीन आहेत, स्टिअरिंग घट्ट धरतात, हाताला ताण आला की हात कापतो आणि गाडी कापतेय असं वाटतं. मी तिथेच उभी होते. मी स्वभावाने तापट आहे, हे इथे सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी सांगायला नको. मी त्याला म्हणाले, की चाळीस मुलांसमोर ॲसिड ओतते मी रोज, हात कापत असते तर वर्ग रिकामा झाला असता. तो हसला. नवरा हसला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता.

तो का बघत होता ते मला कळलं, आणि माझा राग तिथल्या तिथे उतरला. माझ्या आईला कंपवात होता. शेवटची सहा वर्षं तिला चहा वाटीत अर्धाच द्यावा लागे, आणि तोही कुणी तरी धरून. तिचा सुरू झाला तेव्हा ती पन्नाशीची होती. नवऱ्याने ते सगळं जवळून पाहिलं होतं. शेवटी शेवटी तिची वाटी त्यानेच धरली होती. त्या रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, की दिवाळीच्या सुटीत नगरला मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घेऊ. आणि तोवर तू एसटीने जा, सुटीनंतर हवं तर संगमनेरला खोली बघू, पाच दिवस तिकडेच राहा. हे सगळं तो मायेने म्हणत होता. म्हणून तर मला भांडता येईना.

खरं सांगायचं तर मी घाबरले. आरशासमोर हात लांब करून बोटांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून बघितला. प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना मी द्रावणाच्या रंगाऐवजी स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले, आणि एका दुपारी ती बोटं खरोखर कापली. भीतीने कापली की आणखी कशाने, हे कुणाला विचारणार? ॲसिडची बाटली खाली ठेवली आणि पुढचा प्रयोग मुलांना करायला सांगितला. गाडी मात्र मी सोडली नाही. सोडली असती तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं.

घरात एका माणसाने हे सगळं ऐकून घेतलं आणि होकाराची मान डोलावली नाही, ते माझे सासरे. आमच्याकडे सुना आणि जावई सासऱ्यांना मामाच म्हणतात. मामा एकोणऐंशी वर्षांचे. साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते, आणि तेही साखर पांढरी करणाऱ्या मशिनांवर. उसाचा रस आटवून जी दाट राबडी होते ती जाळीच्या गोल पिंपात घालून ही मशिनं गरगरा फिरवतात. मळी बाहेर फेकली जाते, साखर आत राहते. घरात मिक्सरपासून सायकलपर्यंत काहीही बिघडलं की आधी मामांसमोर ठेवायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. दुरुस्त होवो न होवो, त्यांनी बघितल्याशिवाय वस्तू बाहेर जात नाही. गाडीच्या बाबतीत तो रिवाज मोडला होता, कारण गाडीत आता कॉम्प्युटर असतो, त्यांना काय कळणार, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. 

एका सकाळी मी निघताना ते फाटकापाशी आले आणि त्यांनी विचारलं, थरथर कितीला सुरू होते. मी म्हणाले, ऐंशीला. थांबल्यावर राहते का? नाही. हळू चालवताना? नाही. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग हात काय काट्याकडं बघून कापतोय व्हय?" ते म्हणाले. "कापायचा तर कपबशी धरताना बी कापंल. तुझा न्हाई कापत. मी बघतो की रोज."

मी त्यांना नमस्कार करण्याच्या बेतात होते. केला असता तर ते अवघडले असते म्हणून नुसती गाडीत बसले, आणि फाट्यापर्यंत जाईपर्यंत डोळे पुसत राहिले. इतक्या साध्या प्रश्नापर्यंत मी, विज्ञान शिकवणारी बाई, आले नव्हते. भीती वाटली की माणूस आधी निरीक्षण सोडतो.

त्यांनी मला एक शिस्त घालून दिली. मशीन बिघडली की आधी 'कधी' विचारायचं, 'का' नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दुसरं तर मी मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देते. मग मी वहीचं एक पान आखलं आणि रोज हायवेच्या त्या वीस किलोमीटरांत एकेक गोष्ट करून बघायला लागले. थरथर अठ्ठ्याहत्तर-ऐंशीला सुरू होई, नव्वदला सगळ्यांत जास्त. एकदा, घरी न सांगता, एकशे पाचपर्यंत नेली. तिथे ती कमी झाली. ब्रेक दाबला तर वाढत नव्हती, म्हणजे ब्रेकच्या तबकड्यांचा दोष नसावा. नव्वदला असताना गिअर काढून गाडी नुसती वाहू दिली, तरी थरथर तशीच, म्हणजे इंजिन नव्हे. उभ्या गाडीत इंजिन कितीही ओरडवलं तरी स्टिअरिंग गप्प. हात सैल सोडून गाडी एका बाजूला ओढते का ते बघितलं, ओढत नव्हती. शेजारच्या सीटवर पाण्याची अर्धी बाटली ठेवली. स्टिअरिंग थरथरत असताना बाटलीतलं पाणी जवळजवळ स्थिर होतं. रोज संध्याकाळी मी हे मामांना सांगत असे, आणि ते ऐकताना डोळे मिटून घेत. नवरा दुकानातून यायच्या आत आमची ही बैठक संपलेली असे, त्यामुळे तिला जरा चोरट्या कारभाराची गोडी आली होती.

पाण्याच्या बाटलीचं ऐकलं त्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, की पिंपात माल एका अंगाला बसला की आमची मशिनं असंच करायची. हळू फिरतायत तोवर गुमान. एका ठरावीक वेगाला आली की अख्खा मजला हादरायचा, आणि त्याच्या पुढे गेली की परत थंड. तेव्हा हे चाकाच्या तोलाचं काम आहे. आणि बूड हलत नाही, फक्त हात हलतो, म्हणजे पुढच्या चाकांच्या. हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, भाकरी झाली का असं विचारावं तसं. पण त्यानंतर उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि तेव्हा त्यांची चाल बदललेली मी बघितली.

शनिवारी माझं कॉलेज अर्धा दिवस असतं. मामा सकाळीच टोपी घालून माझ्याबरोबर निघाले, माझा तास संपेपर्यंत शिपायाशी गप्पा मारत बसले, आणि येताना हायवेवर त्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर तळहात टेकवला. मी वेग वाढवत नेला. पंचाऐंशीला त्यांनी मान हलवली.

"हाय," ते म्हणाले.

दोन आठवडे मी या एका शब्दासाठी झुरत होते. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं असतं तरी एवढा जीव भांड्यात पडला नसता.

संगमनेरच्या बायपासला टायरचं एक दुकान आहे. तिथला माणूस मध्यमवयीन, कमी बोलणारा. त्याने पुढचं एक चाक काढून मशिनवर चढवलं आणि फिरवलं. समोर लाल आकडे उमटले. त्याने भुवया वर केल्या, दुसरं चाक चढवलं, पुन्हा भुवया वर केल्या. मग चाक आडवं धरून रिमच्या आतल्या बाजूला बोट फिरवत आम्हाला दाखवलं. चाकाचा तोल साधायला रिमच्या आत करड्या रंगाचे छोटे छोटे वजनाचे तुकडे चिकटवलेले असतात, बोटभर पट्टीसारखे. ते तिथे नव्हते. त्यांच्या जागा तेवढ्या दिसत होत्या, आजूबाजूच्या धातूपेक्षा जास्त चकचकीत. वजनं पडलेली नाहीत, तो म्हणाला, कुणी तरी पत्र्याने खरवडून काढलीयत. मागच्या चाकांवर बघा, तिथे जशीच्या तशी आहेत.

मामा वाकले. त्या चकचकीत जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला, आणि मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्या घरातलं प्रत्येक अवजार मामा स्वतः घासतात. पाने, पकडी, विळे, शिलाई मशीन, आणि गाड्या. हत्याराला त्या दिवशी डाग राहता कामा नये, असा त्यांचा दंडक. मी गाडी चालवायला लागल्यापासूनची ही पहिलीच खंडेनवमी, म्हणून त्यांनी यंदा कारवर जास्त जीव लावला होता. घासलेट आणि पत्र्याची पट्टी घेऊन ते पुढच्या चाकांशी दोन तास बसले होते. रिमच्या जाळीतून हात घालून आतसुद्धा साफ करत होते, आणि डांबर लई चिकटलंय म्हणत होते. पुढची दोन झाली आणि गुडघे बोलायला लागले, म्हणून मागच्या दोन्हींवर नुसतं पाणी मारलं. मग चाकाखाली लिंबं ठेवली आणि मी हळदीकुंकू वाहिलं. त्यांच्या उमेदीतल्या जीपच्या चाकांना शिशाचे ठोकळे कडेला ठोकलेले असायचे, ते त्यांना माहीत होते. हे चिकटपट्टीसारखे तुकडे त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

 दुकानदाराने नवी वजनं चिकटवली, चाक पुन्हा फिरवलं, आकडे शून्यावर आले. एक खात्रीची चक्कर म्हणून मी गाडी परत हायवेला घातली. नव्वदला स्टिअरिंग असं निवांत होतं की मला गाडी चालतेय का नाही असं वाटलं. मामा खिडकीतून बाहेर बघत होते. मी मनाशी ठरवलं, की हे कुणाला सांगायचं नाही. ज्या एकट्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला, त्याचं नाव मी घेणार नाही. घरी नवऱ्याला एवढंच सांगितलं, की चाकांचा तोल गेला होता, आता नीट आहे. तो म्हणाला, बरं झालं. डॉक्टरांचा विषय निघाला नाही. माझं चुकलं, असंही तो म्हणाला नाही, आणि ते मी मनात ठेवलं.

भाऊबिजेला माझ्या दोन्ही नणंदा आल्या, त्यांचे नवरे आले. धाकटे जावई पुण्याचे, नवीन मोठी गाडी घेऊन आलेले. दुपारच्या जेवणानंतर सगळे ओसरीवर बसलो होतो, फराळाची ताटं फिरत होती, आणि गाड्यांवरून गाड्यांवर बोलणं चाललं होतं. नवऱ्याने माझी गोष्ट काढली. हिला वाटायचं स्टिअरिंग थरथरतंय, म्हणाला, आणि मिस्त्री म्हणे मॅडमचेच हात थरथरतायत. हे म्हणताना त्याने दोन्ही हात पुढे धरून कापवून दाखवले. सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं; संकट टळल्यावर माणूस त्याची चेष्टा करतो तशी ती चेष्टा होती. पण मला त्या कापणाऱ्या हातांत माझी आई दिसली, आणि माझ्या डोक्यात सणक गेली.

मग मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. खंडेनवमीचं घासलेट, पत्र्याची पट्टी, "डांबर लई चिकटलंय" हे अगदी मामांच्या आवाजात, टायरवाल्याच्या भुवया, सगळं. वर्गात कंटाळलेल्या पोरांना जागं करायची सवय आहे मला. गोष्ट कुठे थांबवायची, कुठे सोडायची, हे मला चांगलं जमतं. दोष माझ्या हातांचा नव्हे, यांच्या साफसफाईचा, असं म्हणून मी शेवट केला. ओसरी हास्याने दणाणली. धाकटे जावई डोळे पुसत म्हणाले, "मामा, आमच्या गाडीला तेवढा हात लावू नका बरं, आम्हाला पुण्याला परत जायचंय." त्यावर आणखी हशा झाला. मामाही हसले. मग चिवड्याची बशी खाली ठेवून, पाणी आणतो म्हणून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत, आणि मी सोडून कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

जिंकल्याचा आनंद मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने त्यांना सांगितलं, की आता गाडीला हात लावत जाऊ नका, धुवायची तर आपण बाहेरून धुऊन आणू. ते बरं म्हणाले. गोष्ट माझ्या नवऱ्याच्या दुकानातून गावात गेली, आणि पारावर कुणी कुणी त्यांना वजन काढून देता का म्हणून विचारायला लागलं. त्यावरही ते हसत. पण रविवारी बादली आणि फडकं घेऊन गाडीपाशी जायचं त्यांनी बंद केलं. मिक्सरचं भांडं गळायला लागलं, मी ते त्यांच्यासमोर ठेवलं, तर म्हणाले, दुकानात दे, त्यांना नवीन माहीत असतं. संध्याकाळी मी आले की फाटकापाशी येऊन आज कशी चालली विचारायचे, तेही थांबलं. माझं जे होऊ नये म्हणून मी दोन आठवडे जिवाच्या आकांताने झगडले, ते मी त्यांचं पाच मिनिटांत करून टाकलं होतं. माझ्या हातातलं स्टिअरिंग वाचलं आणि त्यांच्या हातातला पाना गेला.

महिनाभर मी हे बघत राहिले. माफी मागायची तर कशी मागायची? आमच्या घरात मोठ्या माणसांची माफी मागायची रीतच नाही. पाया पडतात, गोडधोड करतात, आणि तो विषय टाळतात. मी दोनदा पुरणपोळी केली. त्यांनी खाल्ली.

मग एका रविवारी सकाळी मी खोटं बोलले. म्हणाले, "मामा, पंचाऐंशीला परत थोडं जाणवायला लागलंय."

थरथर आहे हे पटवायला जी बाई दिवाळीआधी घसा कोरडा करत होती, ती आता नसलेली थरथर सांगत होती. ते पेपर वाचत होते. पेपर घडी घालून ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी शोधायला आत गेले. आम्ही लोणीवरून संगमनेरला गेलो, बायपासने हायवेला लागलो. वाटेत ते प्रश्न विचारत होते: दोन्ही हातांना की एका, डावीकडं वळताना वाढतंय का, आणि मी पटापट उत्तरं रचत होते. खोटं बोलायला निरीक्षणापेक्षा जास्त बुद्धी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. ऐंशी झाले. त्यांनी तळहात डॅशबोर्डवर टेकवला. पंचाऐंशी. नव्वद. पंचाण्णव. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, मी पहिल्यांदा सांगायचे तेव्हा मिटायचे तसेच. मग हात उचलून मांडीवर ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "काय बी न्हाई. तुला तरी लागतंय का हाताला?"

रस्त्याकडे बघत मी म्हणाले, "नाही लागत, मामा."

"मग गाडीवर कशाला आळ घेतीस?"

ते रागावले नव्हते. मला मात्र आता थांबता आलं नाही. मी त्यांना म्हणाले, की त्या दिवशी जावयांसमोर मी तुमचं नाव घ्यायला नको होतं. तुम्ही माझ्यासाठी गाडी घासली होती. माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता तेव्हा तुमचा होता, आणि मी तुमचीच फजिती केली. ठरवलं होतं सांगायचं नाही, तरी सांगितलं. हे सगळं मी एका दमात बोलले, आणि वेग आपोआप साठवर आला होता. मागचा ट्रक हॉर्न देऊन पुढे गेला.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"खरं हुतं ते," ते म्हणाले. "मी काढली वजनं, मीच काढली. तू खरं सांगितलंस त्याचं मला काय वाटलं न्हाई." मग म्हणाले, "पन हसून सांगितलंस."